पेंग्विन बघून मुलांना नेमकं काय कळतं? मत्स्यालयांमुळे समुद्रपक्ष्यांचं काही भलं होतं का?

खडू_फळा:

नमस्कार मंडळी. मी मुंबईत एका मराठी शाळेत पाचवीला शिकवते. गेल्या महिन्यात वर्गातल्या ३४ मुलांना राणीच्या बागेत पेंग्विन दाखवायला नेलं होतं. मुलं खूश झाली. काचेला नाक लावून उभी होती, तिथून हलायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हटलं, काल काय पाहिलंत ते काढा. ३४ पैकी २९ चित्रांत बर्फ होता. हिमनग, बर्फाचं घर, एकाने तर ध्रुवीय अस्वलही काढलं होतं.

आपल्याकडचे हे हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे वाळवंटाला लागून असलेल्या समुद्रातले. त्यांच्या वसाहतींत बर्फ नसतोच. हे मी तिथे उभं राहून सांगितलंही होतं, पण एसीचा गारवा जिंकला. ही जात धोक्यात आहे, हे तर एकाही मुलाच्या डोक्यात राहिलं नाही.

तेव्हापासून मन खातंय. मत्स्यालयात किंवा अशा काचेआडच्या दालनांत ठेवलेल्या पक्ष्यांमुळे त्यांच्या रानातल्या भावंडांबद्दल लोकांना खरंच काही कळतं का? की "कित्ती गोड!" म्हणून फोटो काढायचा आणि घरी जायचं, एवढंच होतं? कुणी अशा ठिकाणी काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. पुढच्या वर्षी मुलांना पुन्हा न्यायचं की नाही, ते मला ठरवायचं आहे.

मुक्तछंद:

बाई, प्रश्न योग्य विचारलात. माझं मत स्पष्ट आहे: नेऊ नका. हजारो मैल समुद्र पोहणाऱ्या जीवाला खोलीएवढ्या तळ्यात ठेवायचं आणि त्याला जनजागृती म्हणायचं, हे मला पटत नाही. पक्षी कोंडून ठेवायला हरकत नसते, एवढंच मुलं त्यातून शिकतात. त्यापेक्षा पावसाळा संपला की शिवडीला न्या, मोकळे फ्लेमिंगो दाखवा.

देवगडकरीण:

खडू_फळा, तुमची पोस्ट वाचून लगेच लॉगिन केलं, कारण तुमचा प्रश्न मी महिन्यातले दोन शनिवार जगते. मूळची देवगडची, आता कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते. सहा वर्षं झाली, माँटेरेच्या मत्स्यालयात स्वयंसेवक म्हणून उभी राहते. घरापासून दीड तासाचा रस्ता. माझी नेहमीची जागा आफ्रिकन पेंग्विनच्या काचेपाशी असते.

तुमच्या २९ चित्रांचं मला जराही आश्चर्य वाटलं नाही. इथेही दर तासाला कुणीतरी विचारतंच, "यांना बर्फ का नाही दिला?" नुसता पक्षी ठेवला तर लोकांना काही कळत नाही. लोक आपल्या डोक्यातलं कार्टून घेऊन येतात आणि तेच घेऊन परत जातात. पाटी कुणी वाचत नाही. फरक पडतो तो काचेपाशी माणूस उभा असेल आणि त्याला थांबायचं कधी नि बोलायचं कधी हे कळत असेल तर. मलाही पहिल्या वर्षी ते कळत नव्हतं. माणूस आला की मी आकडे सुरू करायचे, आणि तो हळूच पुढे सरकायचा.

आता मी थांबते. एखादा पक्षी पिसं झाडत असला की माझं काम सोपं होतं.

पेंग्विनची पिसं आपल्या कावळ्या-चिमण्यांसारखी एकेक करून गळत नाहीत, सगळी एकदम जातात. पक्षी फाटक्या उशीसारखा दिसतो. पाठीवर जुन्या पिसांचे पुंजके लोंबत असतात, खालून नवी काळी कुळकुळीत पिसं डोकावत असतात, आणि तो बाकीच्यांपासून लांब, पाण्याकडे पाठ करून गप्प उभा असतो. कुठलंही मूल तिथे थांबतंच. मागे एक सहा-सात वर्षांची मुलगी थांबली होती. इतकी गंभीर झाली होती की आईला पुढे जाऊच देईना. मला म्हणाली, "हा आजारी आहे का?"

मी तिला सांगितलं, आजारी नाही गं, कपडे बदलतोय. पण त्याच्याकडे दुसरा जोड नाही. नवीन पिसं पूर्ण येईपर्यंत पाणी आत शिरतं, आणि समुद्र इतका गार की तो आत गेला तर गारठून मरेल. म्हणून साधारण तीन आठवडे तो किनाऱ्यावरच उभा राहणार. पाण्यात जायचं नाही म्हणजे जेवणही नाही. इथे त्याला माणसं मासे देतात. पण दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जे खरे मोकळे आहेत त्यांना कोण देणार? ते त्याआधीच भरपूर खाऊन अंगावर चरबी चढवतात. उपासाच्या या दिवसांत त्यांचं वजन जवळपास निम्म्यावर येतं.

ती म्हणाली, "आणि आधी मासे मिळालेच नाहीत तर?"

या एका प्रश्नासाठी मी तीन तास उभी असते. तिच्यापुरतं उत्तर मी तिथे हळू दिलं, तुम्हाला पूर्ण सांगते. मासे मिळाले नाहीत तर तो किनाऱ्यावर उभा राहून उपाशी मरतो. केप टाऊनजवळच्या डॅसन आणि रॉबेन या दोन बेटांवर २००४ ते २०११ या आठ वर्षांत सुमारे ६२ हजार पेंग्विन असे गेले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तेलगळती झाली नव्हती की रोग पसरला नव्हता. मासे नव्हते. आता त्या जातीच्या पिल्लं घालणाऱ्या जोड्या १० हजारांहूनही कमी उरल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला 'अतिसंकटग्रस्त' यादीत टाकलं गेलं. रानातून नाहीसं होण्याच्या अलीकडची ती शेवटची पायरी.

आणि मासे कुठले? तारली आणि मांदेलीच्या कुळातलाच एक बारीक मासा. ज्या दिवशी हे पहिल्यांदा शिकले त्या दिवशी मला आमच्या खळ्यात वाळत घातलेले मासे दिसायला लागले. आमची आजी म्हणायची, "पाखरां खाली बसली काय समजायचा, तारले इले." पाण्यावर पक्ष्यांचा थवा तुटून पडला की रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, धावपळ सुरू व्हायची. समुद्रात मासे आहेत की नाहीत, हे पक्षी आधी सांगतो आणि माणसाला नंतर कळतं, हे आजीला कुठल्याही मत्स्यालयात न जाता ठाऊक होतं.

माँटेरेचं हे मत्स्यालय ज्या जागी आहे, ती मुळात तारली डबाबंद करण्याच्या कारखान्याची. पूर्ण रस्ताच कारखान्यांचा. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात इतकी तारली मिळायची की रात्री-अपरात्री बोटी लागल्या की कारखाने भोंगे वाजवायचे आणि बायका अंथरुणातून उठून कामावर धावायच्या. प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा. १९४० च्या दशकाच्या मध्यानंतर तारली कोसळली. पाण्याचं तापमान बदललं, वर उपसा थांबला नाही. एकेक कारखाना बंद पडत गेला. आम्ही उभे असतो तो १९७३ मध्ये बंद झाला, आणि १९८४ मध्ये तिथे मत्स्यालय उघडलं. जुने बॉयलर अजून आत ठेवलेले आहेत. लोक त्यांच्यासमोरून जातात, क्वचितच कुणी थांबतं.

एकदा एक म्हातारे गृहस्थ पेंग्विनपाशी आले. मी तारलीचं बोलत होते तसे ते थबकले. म्हणाले, "माझी आई याच रस्त्यावर तारली भरायची. हातांचा वास शेवटपर्यंत गेला नाही." मग बराच वेळ काही न बोलता पेंग्विनकडे बघत राहिले. जाताना त्यांनी विचारलं, "म्हणजे तिकडेही तेच चाललंय?" मी हो म्हटलं. त्या दिवशी त्यांना पेंग्विन किती गोंडस आहे हे सांगायची गरज पडली नाही.

म्हणून माझं उत्तर असं की मत्स्यालयाने पक्ष्याला त्याच्या ताटाशी जोडून दाखवलं तर उपयोग होतो. माँटेरेच्या मत्स्यालयाने १९९९ पासून लोकांना कुठला मासा कसा पकडलेला आहे, कुठला घ्यावा, कुठला टाळावा याची यादी द्यायला सुरुवात केली. पेंग्विनपाशी गलबललेल्या माणसाला घरी नेण्यासारखं काहीतरी हातात पडतं. नाहीतर ते गलबलणं गाडीत बसेपर्यंतच टिकतं.

ताटाचाच आणखी एक प्रकार सांगते. मी नवीन होते तेव्हा इथे मकाना नावाची एक लायसन अल्बट्रॉस (लांब पंखांचा मोठा समुद्रपक्षी) मादी पाहिली. हवाईच्या भाषेत मकाना म्हणजे भेट. पंखाला इजा झाल्यामुळे तिला उडता येत नव्हतं, २००६ पासून ती इथे होती. पंख पसरले की दोन मीटर. लोक आपोआप मागे सरकायचे. अल्बट्रॉस समुद्रावर तरंगणारी उडत्या माशांची अंडी खातात. ती अंडी तरंगणाऱ्या कशालाही चिकटतात. पूर्वी ते लाकूड असायचं, आता प्लॅस्टिक असतं. पक्षी अंड्यांसकट प्लॅस्टिक गिळतो आणि मैलोन् मैल उडत जाऊन तेच पिल्लाच्या चोचीत ओततो. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर मेलेल्या पिल्लांच्या पोटात बाटल्यांची झाकणं आणि लायटर सापडतात. छायाचित्रात हे मी आधीही पाहिलं होतं. पण तिच्या चोचीपासून चार हातांवर उभं राहून ऐकलं तेव्हा आमच्या गटातलं कुणी बोललं नाही.

आता मुक्तछंद यांच्या मुद्द्याबद्दल. तुमचा राग मला समजतो, आणि काही ठिकाणांबाबत तुम्ही बरोबरच आहात. जिथे पक्ष्यासोबत सेल्फीचं तिकीट काढतात आणि समुद्राबद्दल एक शब्द बोलत नाहीत, तिथे मीही मुलांना नेणार नाही. पण इथले पेंग्विन समुद्रातून पकडून आणलेले नाहीत. ते पिढ्यान् पिढ्या माणसांच्या देखरेखीत वाढलेले आहेत. आणि मत्स्यालयवाल्यांचं ज्ञान काचेबाहेर किती उपयोगी पडतं, त्याचं एक उदाहरण सांगते.

२३ जून २००० रोजी 'ट्रेझर' नावाचं जहाज केप टाऊनजवळ, याच डॅसन आणि रॉबेन बेटांच्या मधे बुडालं. काळं तेल पसरलं. सुमारे १९ हजार पेंग्विन तेलाने माखले. तेलात भिजलेल्या पक्ष्याला नुसतं धुऊन चालत नाही. आधी त्याला ताकद यावी लागते, नळीने अन्न द्यावं लागतं. मग साबण, मग पिसांतला साबणाचा अंश न् अंश काढणं. पिसं पुन्हा पाणी अडवायला लागेपर्यंत त्याला समुद्रात सोडता येत नाही. आणि पेंग्विन चावतो, चांगलं रक्त काढतो. सॅनकॉब ही तिथली संस्था १९६८ पासून हे काम करते, पण १९ हजार पक्षी कुणाच्याच आवाक्यात नव्हते. तेव्हा जगभरच्या मत्स्यालयांतली आणि प्राणिसंग्रहालयांतली अनुभवी माणसं विमानाने तिथे पोहोचली. पेंग्विनला कसं धरायचं हे ज्यांच्या हातांना माहीत होतं ती हीच माणसं. त्यांनी केप टाऊनच्या हजारो साध्या लोकांना शिकवलं. तेल लागलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पक्षी वाचले.

जे १९,५०० पक्षी अजून स्वच्छ होते त्यांना गाड्यांतून शेकडो किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडलं. ते पोहत घरी परत येतील तोवर समुद्र साफ होईल, असा हिशोब होता. तिघांच्या पाठीवर यंत्रं लावली, त्यांची नावं पीटर, पर्सी आणि पॅमेला. ते रोज कुठवर आले हे सगळं जग बघत होतं. पंचवीस वर्षं झाली, अजूनही आमच्याकडे एखादा पाहुणा म्हणतो, "मी लहानपणी पीटरचा नकाशा बघायचो." तीन पक्ष्यांची नावं लोकांच्या लक्षात राहिली म्हणून १९,५०० ची गोष्ट लक्षात राहिली.

अर्थात धुतलेल्या पक्ष्यालाही पुन्हा त्याच रिकाम्या समुद्रात जावं लागतं. म्हणून मला सर्वांत मोठी बातमी वाटते ती मार्च २०२५ ची. सॅनकॉब आणि तिथली पक्षिसंस्था कोर्टात गेल्या, मासेमारी उद्योगाशी समझोता झाला, आणि सहा मोठ्या वसाहतींभोवती तारली व तिच्या जोडीच्या माशांची मोठ्या जाळ्यांची मासेमारी दहा वर्षांसाठी बंद करायचं ठरलं. त्या शनिवारी आम्ही स्वयंसेवकांनी डब्यातले लाडू वाटले. हे मत्स्यालयाने केलं असं मी म्हणणार नाही. पण त्या पेंग्विनला नावाने ओळखणारे, त्याच्यासाठी पैसे पाठवणारे, सही करणारे लोक जगभर होते. त्यांतले बरेच जण कधीतरी अशाच एका काचेपाशी उभे राहिले असणार, असं मला वाटतं.

बाई, मुलांना जरूर न्या. पण आत शिरण्याआधी त्यांना एक तारली दाखवा.

रापणकर:

देवगडकरीण ताई, आजीचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे वेंगुर्ल्याला अजून तसंच म्हणतात. पर्ससीनवाल्यांनी (माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने घेरणाऱ्या बोटींनी) किनाऱ्यापर्यंत येऊन खरवडून नेल्यापासून रापणीला पूर्वीसारखे मासे लागत नाहीत. २०१६ मध्ये सरकारने निर्बंध घातले, तरी तंटे मिटलेले नाहीत. केपमधल्या भांडणाचं वाचून वाटलं, नावं तेवढी बदलली.

पेंग्विन आपल्याकडे नाहीत, पण समुद्रपक्षी आहेत, हेच इथल्या लोकांना ठाऊक नसतं. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर सुरय पक्षी अंडी घालतात. आणि पावसाळ्यात वादळ झालं की खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर येऊन पडतात. तीन वर्षांपूर्वी जुलैत मला असाच एक दिसला. पांढराशुभ्र, बदकापेक्षा मोठा, चोचीभोवती काळा मुखवटा. मास्क्ड बूबी. वाळूत बसला होता, मान सुद्धा उचलत नव्हता. पोरं त्याला उचलून पुन्हा लाटेत फेकत होती. त्यांना वाटत होतं, मदतच करतोय. समुद्राचा पक्षी आहे ना, मग समुद्रात टाका! दोनदा फेकला, दोनदा लाटेने परत आणला.

मी त्याच्यावर टॉवेल टाकला, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवला आणि वनविभागाला कळवलं. ते येईपर्यंत दीड तास मांडीवर खोका घेऊन बसलो होतो. आत तो चोचीने पुठ्ठ्याला हळूहळू टकटक करायचा, मग थांबायचा. दोन दिवसांनी कळलं की तो गेला. फार थकला होता.

म्हणून बाई, तुमच्या मुलांना एवढं मात्र शिकवा: किनाऱ्यावर असा पक्षी दिसला तर पाण्यात फेकायचा नाही, तोंडात मासे-पाणी कोंबायचं नाही, कुत्र्यांपासून जपायचा, अंधाऱ्या खोक्यात शांत ठेवायचा आणि वनविभागाला बोलवायचं. त्या पोरांना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. एखाद्या मत्स्यालयात सांगितलं असतं तर निदान पहिल्यांदा तरी फेकला नसता.

मुक्तछंद:

ट्रेझरचं मला माहीत नव्हतं. कोंडून ठेवण्याला माझा विरोध अजूनही आहे, तो जाईल असं वाटत नाही. पण पेंग्विन धरायचा कसा हे शिकलेले हात कुठून आले, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, हे मान्य करतो. देवगडकरीण, त्या मुलीचं पुढे काय झालं? जिने "मासे मिळालेच नाहीत तर" असं विचारलं?

देवगडकरीण:

आई तिला ओढत जेलीफिशकडे घेऊन गेली. अर्ध्या तासाने ती एकटीच धावत परत आली. धापा टाकत मला विचारलं, "त्याचे कपडे कधी होतील?" मी म्हटलं, अजून दहाएक दिवस. तिने बोटांवर मोजलं आणि गेली.

खडू_फळा:

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच वर्गात करून पाहिलं, म्हणून आज लगेच लिहिते.

सकाळी बाजारातून चार तारल्या आणि वाटीभर मांदेली घेतली, शाळेत ताटात ठेवली. मुलांची जुनी चित्रं परत वाटली आणि म्हटलं, पांढरा खडू तुम्ही वापरलात, आता त्यावर तपकिरी मारा. बर्फाची वाळू आणि खडक करा. मग विचारलं, हा पक्षी जेवतो काय? पेरूच्या समुद्राची गोष्ट सांगितली. तिथे एल निनोच्या वर्षी पाणी तापतं, मासे दूर जातात आणि पिल्लं घरट्यात वाट बघत राहतात. वर्ग गप्प झाला होता.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे, कोळीवाड्यातली, आई मासे विकते. वर्षभर ती मागच्या बाकावर, विचारल्याशिवाय बोलत नाही. काल ती उठून ताटापाशी आली, एक तारली उचलली, कल्ला उघडून सगळ्यांना दाखवला. "बाई, ही कालची आहे. लाल पाहिजे, ही तपकिरी झालीये. तुम्हाला फसवलं." मग तिने आणखी एक मासा बघितला, तो बरा निघाला. म्हणाली, "पेंग्विनला हा द्या."

तिकिटाचे पैसे आणि बसचं बघते आहे. या वेळी तिच्या आईलाही बरोबर यायला सांगितलं आहे. शुक्रवारी बाजाराला सुट्टी नसते, म्हणून सोमवार ठरवला, आणि चौकशी केली तर बाग बुधवारी बंद असते असं कळलं, म्हणजे सोमवार चालेल.